राव गेले, बाग राहिली



नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट अजून मनाला बोचते. एका गावात आम्ही मोठ्या हौसेने वृक्षारोपण केले. शाळेच्या आवारात आणि गावठाणाच्या कडेने दोनशे रोपे लावली. भर पावसात पाहुणे आले, हार-तुरे झाले, फोटो निघाले. रोपे मी स्वतः निवडून आणली होती. खड्डे मापाचे होते, शेणखत घातले होते, वाळवीसाठी औषधही टाकले होते. तिसऱ्या उन्हाळ्यात त्या गावी गेलो, तर मोजून अकरा झाडे उभी होती.

मी शाळेच्या ओट्यावर मान खाली घालून बसलो होतो. शेजारच्या घरातली एक म्हातारी आक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली. म्हणाली, "सायेब, बारसं झ्याक केलंत बगा. पर पाळणा कोन हलविनार, त्ये ठरवायचं ऱ्हायलं."

कृषी महाविद्यालयात जे चार वर्षांत कोणी शिकवले नाही, ते आक्काने एका वाक्यात शिकवले. लावणे एकदाचे असते, राखणे दरवर्षीचे असते. आणि दरवर्षीच्या कामाला दरवर्षीचा पैसा लागतो.

आज हे आठवायचे कारण असे, की अमेरिकेतल्या एका बागेची हकीकत वाचनात आली. ती बाग जगवायला तिथले लोक दर हिवाळ्यात जुन्यापुराण्या वस्तूंचे प्रदर्शन भरवतात. ऐकायला नवल वाटेल. पण हकीकत आपल्या कामाची आहे.

अमेरिकेच्या दक्षिण भागात टेनेसी नावाचे राज्य आहे. नॅशव्हिल ही त्याची राजधानी. या शहरात चीक आडनावाचे घराणे होते. त्यातल्या जोएल चीक यांनी कॉफीचे एक मिश्रण तयार केले आणि शहरातल्या मॅक्सवेल हाउस या हॉटेलचे नाव त्याला दिले. कॉफी देशभर खपली. १९२८ साली कंपनी विकली गेली, तेव्हा चार कोटी डॉलरांहून अधिक किंमत आली. जोएल यांचे चुलतबंधू लेस्ली चीक यांचा या धंद्यात पैसा गुंतलेला होता. त्यांच्याही वाट्याला मोठी रक्कम आली.

लेस्ली आणि त्यांची पत्नी मेबल यांनी शहराबाहेर सुमारे शंभर एकर रान घेतले. ब्रायंट फ्लेमिंग नावाच्या जाणकाराला बोलावले आणि वाडा व बाग ही दोन्ही कामे त्याच्या एकट्याच्या हाती सोपवली. वाड्यासाठी चुनखडीचा दगड तिथल्याच जमिनीतून काढला. आतल्या सामानासाठी मात्र ही मंडळी इंग्लंडला गेली आणि तिथल्या जुन्या हवेल्यांतली दारे, झुंबरे, शेकोट्यांच्या कोरीव चौकटी खरेदी करून आली. म्हणजे वाडा नवा, पण त्यातला साज जुना. १९३२ साली वाडा पुरा झाला. चीक हे नवऱ्याकडचे आडनाव आणि वुड हे मेबलबाईंचे माहेरचे. दोन्ही जोडून वाड्याचे नाव पडले चीकवुड. सासर-माहेर एका पाटीवर आले.

पण माणूस योजतो एक आणि होते दुसरेच. लेस्ली चीक १९३५ साली वारले. एवढ्या हौसेने बांधलेल्या वाड्याचे सुख त्यांना जेमतेम दोन-तीन वर्षे लाभले. पुढे मेबलबाईही १९४६ साली गेल्या. वाडा मुलीकडे, ह्युल्डा आणि जावई वॉल्टर शार्प यांच्याकडे आला.

एवढा वाडा आणि एवढी बाग एका कुटुंबाने सांभाळायची म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडच्या इनामदारांचे, देशमुखांचे वाडे आपण पाहिलेच आहेत. चौसोपी वाडा असतो, पण कौले शाकारायला पैसा नसतो. मग एक सोपा पडतो, दुसरा पडतो, आणि शेवटी तुळया विकल्या जातात. शार्प दांपत्याने ती वेळ येऊ दिली नाही. त्यांनी वाडा आणि बाग लोकांना देऊ केली. शहरातल्या बागप्रेमी मंडळांनी आणि इतर नागरिकांनी पुढे होऊन भार उचलला. १९६० साली चीकवुड सर्वांसाठी खुले झाले. आज तिथे पंचावन्न एकरांवर बाग आहे आणि वाड्यात कलावस्तूंचे संग्रहालय आहे.

आता बागेच्या खर्चाकडे वळू. त्या बागेत बॉक्सवुड नावाच्या सदाहरित झुडपाचे महत्त्व फार. आपण कुंपणाला मेंदी लावून कातरतो, तसे हे झुडूप कातरून आकारात ठेवतात. मेंदी लवकर वाढते, बॉक्सवुड मात्र अगदी सावकाश वाढते. जुने झुडूप मेले तर तसे दुसरे व्हायला माणसाचे अर्धे आयुष्य जाते. त्यात २०११ सालापासून अमेरिकेत या झुडपावर बुरशीमुळे होणारा करपा दिसू लागला. पाने गळतात, फांद्या काळ्या पडतात. म्हणजे नुसती कातरणी करून भागत नाही. रोगट पाला गोळा करून हलवावा लागतो, अवजारे धुवावी लागतात, नजर ठेवावी लागते. वसंत ऋतूत तिथे ट्यूलिपची फुले फुलतात, त्यासाठी लाखाच्या वर कंद शरदात मातीत घालावे लागतात. हा सारा खर्च नुसत्या तिकिटांतून भागणे कठीण.

म्हणून १९९० साली तिथल्या लोकांनी एक प्रदर्शन सुरू केले. जुन्या वस्तू आणि बाग, दोन्ही एकाच छपराखाली. साधारण जानेवारी संपता-संपता किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, शहरातल्या मोठ्या सभागृहात, तीन दिवस ते भरते. हा काळ मुद्दाम ध्यानात घ्या. तिथे तेव्हा कडाक्याची थंडी असते. झाडांवर पान नसते, बागेला गिऱ्हाईक नसते. आपल्याकडे सुगी झाल्यावर, हात मोकळा असताना जत्रा भरते. तशीच ही त्यांची जत्रा. बाग झोपलेली असते तेव्हा तिच्यासाठी कमाई करून ठेवायची.

प्रदर्शनात ठिकठिकाणचे व्यापारी गाळे मांडतात. जुनी कपाटे, चांदीची भांडी, चित्रे, चिनी मातीच्या बरण्या, बागेतली दगडी कुंडे. पैसा अनेक वाटांनी येतो. व्यापारी गाळ्याचे भाडे देतात. पाहणारे तिकीट काढतात. प्रदर्शन उघडण्याच्या आदल्या रात्री हौशी आणि सधन मंडळींसाठी खास मेजवानी असते, तिचे तिकीट महाग. नामांकित जाणकारांची व्याख्याने असतात, त्यालाही पैसे पडतात. गावातले धंदेवाले आश्रयदाते म्हणून देणगी देतात. आणि राबणारे बरेचसे हात स्वयंसेवकांचे असतात, त्यात बायकांचा वाटा मोठा. खर्च वजा जाता उरलेला निधी चीकवुडला आणि शहरातल्या इतर धर्मादाय कामांना जातो.

शेतकऱ्याने दाद द्यावी अशी गोष्ट आणखी वेगळीच आहे. त्या सभागृहात भर थंडीत खऱ्याखुऱ्या बागा उभ्या करतात. माती, दगड, झाडे, आणि फुललेली फुलेही. बाहेर गारठा असताना आत ट्यूलिप फुललेले असतात. हे कसे साधते? ट्यूलिपच्या कंदाला फुलायच्या आधी बारा ते सोळा आठवडे थंडी लागते. बागवान शरदाच्या सुरुवातीलाच कंद कुंडीत लावून थंड खोलीत ठेवतात, मुदत भरली की उबेला आणतात. कंदाला वाटते हिवाळा संपला, आणि तो फुलतो. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. डाळिंबाला आणि संत्र्याला आपण ताण देतोच की! पाणी तोडायचे, पानगळ होऊ द्यायची, मग खत-पाणी देऊन हवा तो बहार धरायचा. त्यांचा ताण थंडीचा, आपला पाण्याचा. विद्या एकच.

आता कोणी म्हणेल, "साहेब, हे श्रीमंतांचे खेळ. आमच्या गावात कोण येणार जुनी कपाटे घ्यायला?"

बरोबर आहे. आपल्याला त्यांची मेजवानी नको आणि झुंबरेही नकोत. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट जुन्या वस्तूंची. मोडीच्या भावाने आपण काय काय घालवले, त्याचा हिशेब कोणी ठेवला आहे का? आजीचा तांब्याचा हंडा, पितळी समई, लामणदिवा, अडकित्ता, पायली-शेर-मापट्याची मापे, मोटेची चाके, शिसवी पाभर. भंगारवाला दारात येतो, तराजू धरतो आणि वजनावर पैसे देतो. त्याच्या तराजूत धातूचे वजन होते, कारागिराच्या हाताचे होत नाही. वस्तू कोणाची, कुठे घडली, किती पिढ्या वापरली, हे सांगता आले की तिची किंमत वाढते; जुन्या वस्तूंचा सारा बाजार या माहितीवरच चालतो. दिनकर केळकर यांनी हे ओळखले होते. सर्वसामान्य घरांतले दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे त्यांनी गावोगाव फिरून जमवले आणि १९६२ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. लहानपणी गेलेल्या मुलाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले. पुण्याला गेलात तर लेकरांना दाखवा. आपल्याच माजघरातल्या वस्तू तिथे काचेत मांडलेल्या दिसतील.

इथे कायद्याच्या दोन गोष्टीही सांगून ठेवतो. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखित पोथ्या खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. देवळातली मूर्ती किंवा शिल्प कोणी मागायला आला तर सरळ पोलिसांत कळवा. नांगरताना पुरलेली नाणी किंवा धन सापडले, आणि त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवले तर हक्कही जातो आणि शिक्षाही होते.

दुसरी गोष्ट पाळण्याची, म्हणजे राखणीची. समजा गावाने शंभर झाडे लावली. उन्हाळ्यात प्रत्येक झाडाला आठवड्यातून दोनदा पंधरा-पंधरा लिटर पाणी द्यायचे म्हटले, तर आठवड्याला तीन हजार लिटर लागते. फेब्रुवारी ते मे हे सोळा आठवडे धरले तर अठ्ठेचाळीस हजार लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे दहा टँकर. तुमच्या भागात टँकरचा भाव काय, तो धरून आकडा काढा. बुंध्याशी काडी-कचऱ्याचे आच्छादन केले तर यात बचत होते. असे तीन उन्हाळे काढले की झाड बहुधा आपल्या पायावर उभे राहते. हा आकडा रोपे आणण्याआधी ग्रामसभेत मांडा. मी त्या गावात तो मांडला नाही. ती चूक माझी होती, आणि एकशे एकोणनव्वद रोपांनी ती भोगली.

पैसा कुठून आणायचा? सुगीनंतर एखाद्या रविवारी शाळेत गावातल्या जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरवा. विकायला नव्हे, दाखवायला. प्रत्येक घराने एक वस्तू आणावी. शाळेतल्या मुलांनी आजी-आजोबांना विचारून तिची माहिती चिठ्ठीवर लिहावी. दोन-पाच रुपये तिकीट ठेवावे. बायकांच्या गटाने पिठले-भाकरीचा गाळा लावावा. मुंबई-पुण्याला गेलेल्या मंडळींना आवर्जून बोलवावे. आजोबांची पाभर बघून त्यांचा हात खिशात गेल्याशिवाय राहणार नाही. जमलेला पैसा फक्त झाडांच्या पाण्याला, आणि हिशेब फळ्यावर. प्रदर्शन संपले की ज्याची वस्तू त्याच्या घरी, नोंदवहीत सही घेऊन.

चीक यांच्याकडे कोट्यवधी डॉलर होते, तरी त्यांच्या पैशाने बाग पुढे चालली नाही. ती चालली दरवर्षी थोडा-थोडा भार उचलणाऱ्या पुष्कळ माणसांमुळे. गाव करी ते राव न करी, ही म्हण आपली. पण तिचा पडताळा नॅशव्हिललाही आला.

त्या गावातली अकरा झाडे आता मोठी झाली आहेत. मागे गेलो तेव्हा कडुनिंबाखाली शाळेची पोरे डबा खात होती. त्यांना कोणी पाणी घातले होते, हे मला फार उशिरा कळले. आक्का रोज भांडी घासलेले पाणी घागरीतून नेऊन घालायची. तिच्या दारापासून जेवढे अंतर तिला घागर घेऊन चालवत होते, तेवढ्याच अंतरातली झाडे जगली.

आक्का आता नाही. घागर तिच्या नातवाकडे आहे. त्याला मी सांगून आलो, "बाबा, ही मोडीत घालू नकोस. तुमच्या गावाच्या प्रदर्शनात पहिली वस्तू हीच मांडायची."