विहिरीत सगळेच बहिरे
(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स)

एप्रिल-मेमध्ये आमच्या कडेगावला आलात तर दुपारच्या वेळी पोरं घरात सापडायची नाहीत. सगळी विहिरीवर. पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधायचा, चुलत्यानं मागून ढकलून द्यायचं आणि नाकातोंडात पाणी जात जात चार दिवसांत पोहायला शिकायचं, हा आमच्याकडचा स्विमिंग कोर्स. फी नाही, सर्टिफिकेट नाही.

माझ्या चुलतभावाला मात्र या कोर्सला दोन वर्षं उशिरा प्रवेश मिळाला. तो जन्मापासून ऐकू शकत नाही. चुलतीचं म्हणणं एकच, "हाक मारली तर त्याला कळणार हाय का?" त्यामुळे आम्ही मुटके मारायचो आणि तो काठावर आमचे कपडे सांभाळत बसायचा. शेवटी आबांनी एका उन्हाळ्यात कुणाला न विचारता त्याच्या कानामागचं यंत्र काढलं, टोपीत ठेवलं, टोपी लिंबाच्या फांदीला अडकवली आणि त्याला घेऊन पायऱ्या उतरले.

आजही मला पोहण्यापेक्षा त्याचं ओरडणं जास्त आठवतं. एरवी तो तोंडातून आवाज काढायचाच नाही, कारण आवाज काढला की शाळेतली पोरं नक्कल करायची. विहिरीत उडी मारताना मात्र सगळेच बेंबीच्या देठापासून ओरडतात, आणि कुणाचा आवाज कसा आहे हे कुणी बघत नाही. त्या दिवशी तोही ओरडला आणि कुणी हसलं नाही. त्याआधी तो उन्हाळ्यातसुद्धा केस कानावर येतील एवढे वाढवायचा, यंत्र दिसू नये म्हणून. त्या सुट्टीनंतर त्यानं केस बारीक कापून घेतले. कारण मी त्याला कधी विचारलं नाही, पण मला ते माहीत आहे असं वाटतं.

आपल्या शरीराकडे आपण कसे बघतो, हे बहुतेक वेळा दुसरे आपल्याकडे कसे बघतात त्यावरून ठरतं. होस्टेलवर आरशासमोर अर्धा तास उभं राहणाऱ्या मित्रांना हे वेगळं सांगायला नको! ऐकू न येणाऱ्या मुलाला तर लहानपणापासून त्याच्या शरीराबद्दल एकच गोष्ट सांगितली जाते, ती म्हणजे यात काहीतरी कमी आहे. डॉक्टर कान तपासतात, शिक्षक ओठ तपासतात, एस.टी.त लोक हातवाऱ्यांकडे टक लावून बघतात. आणि या सगळ्यात बाकीचं शरीर, म्हणजे दंड, छाती, पाय, फुफ्फुसं, कुणाच्या लक्षातच येत नाही. पोहताना नेमकं तेच कामाला येतं.

गंमत म्हणजे पाण्याखाली आपण सगळेच जवळजवळ बहिरे असतो. काठावरून मारलेली हाक पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परत फिरते, आत नावापुरतीच शिरते. पाण्यात ध्वनीचा वेग हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त, सेकंदाला सुमारे १५०० मीटर. त्यामुळे दोन्ही कानांना आवाज जवळपास एकाच वेळी पोचतो आणि तो कुठून आला ते कळत नाही. म्हणून तर पाणबुडे हातांच्या खुणांनी बोलतात. त्यांना त्या खुणा मुद्दाम शिकाव्या लागतात, माझ्या चुलतभावाला त्या आधीच येतात. म्हणजे चुलतीचा प्रश्न बरोबर होता, पण तो आम्हा सगळ्यांनाच लागू होता.

हीच गोष्ट मला दोन वर्षांपूर्वी एका शहरातल्या तलावावर सांगता आली नाही, याची अजून रुखरुख आहे. (तलावाचं नाव देत नाही, माणूस नोकरीला होता आणि त्याची भीती खोटी नव्हती.) आम्ही दोघं गेलो. अर्ज वाचून खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "यांना शिट्टी ऐकू येणार नाही. जबाबदारी कोण घेणार?" आणि फॉर्म परत. चुलतभावानं ओठ वाचले होते, मला वेगळं सांगावं लागलं नाही. मागे फिरताना त्यानं खिशातला हात बाहेर काढला नाही. त्याच्या बाबतीत हात खिशात म्हणजे तोंड बंद.

आता शिट्टीचंच बघू. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही, त्याला श्वास घ्यायलाच सवड नसते. म्हणून जीवरक्षकानं नजरेनं पाहायचं असतं, कानानं नाही. राहिली सूचना देण्याची शिट्टी. तिला पर्याय म्हणजे दिवा! १९२४ साली पॅरिसमध्ये बधिर खेळाडूंच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या, पॅरालिम्पिकच्याही ३६ वर्षं आधी. त्यांनाच आता डेफलिंपिक्स म्हणतात. पोहणे तेव्हापासून त्यात आहे. चांगल्या कानाची श्रवणहानी किमान ५५ डेसिबल असली पाहिजे, यंत्र काढून ठेवायचं आणि सुरुवात दिव्याच्या इशाऱ्यावर, असा तिथला नियम. दक्षिण आफ्रिकेचा टेरेन्स पार्किन तर २००० साली सिडनीच्या मुख्य ऑलिंपिकमध्ये उतरला आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये रौप्यपदक घेऊन गेला. त्याच्यासाठी लावला होता फक्त एक चमकणारा दिवा. बाकीचे सात जण बंदुकीसारखा आवाज ऐकून निघाले, हा प्रकाश बघून निघाला.

पदकवाल्यांच्या गोष्टी सांगून प्रेरणा देण्याचा मला खरं तर कंटाळा आहे. पदक मिळवलं तरच तुझ्या शरीराला किंमत, असा त्याचा छुपा अर्थ निघतो. तरीही आपल्या जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकर यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. वाळवा तालुक्यातलं पेठ हे त्यांचं गाव. सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून. १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमासह सुवर्णपदक. पद्मश्री मिळाली २०१८ ला आणि आपल्यातल्या बहुतेकांना त्यांचं नाव कळलं २०२४ मध्ये, 'चंदू चॅम्पियन' आल्यावर. ते बधिर खेळाडू नव्हेत, त्यांची अडचण वेगळी. पण मला त्यातलं पदकाआधीचं वळण महत्त्वाचं वाटतं. जमिनीवर जे शरीर चाकाच्या खुर्चीवर होतं, त्याला पाण्यानं उचलून धरलं. आर्किमिडीजला कुणाचं सर्टिफिकेट लागत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख नुसता भावनेचा होईल. आतल्या कानात ऐकण्याच्या शंखाशेजारीच तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. बहिरेपण आणणारं कारण, विशेषतः मेंदूज्वर, कधीकधी या नळ्याही निकामी करतं. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८८२ मध्ये ५१९ बधिरांना गरगर फिरवून पाहिल्याची नोंद आहे, त्यातल्या १८६ जणांना अजिबात चक्कर आली नाही. पण यांतल्याच काही जणांना पाण्यात बुडी मारल्यावर वर कुठे आणि खाली कुठे हे कळेना. म्हणजे अशा मुलाला गढूळ विहिरीत किंवा अंधारात सोडणं चूकच. स्वच्छ उथळ पाणी, डोळ्यांना गॉगल, सोबत जोडीदार, आणि बुडबुडे जातात ती वरची बाजू, एवढं शिकवायचं. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल तर आधी डॉक्टर. आणि टेंभूच्या कालव्यात तर ऐकू येणाऱ्यांनीही उतरू नये.

पण त्याच बिघडलेल्या नळ्यांची दुसरी बाजू ऐका. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या नौदलानं आणि पुढे नासानं अंतराळप्रवासाच्या अभ्यासासाठी गॅलोडेट या बधिरांच्या कॉलेजमधून ११ जण निवडले, कारण त्यांना प्रवासाची मळमळ होतच नव्हती. एकदा खवळलेल्या समुद्रात बोटीवर प्रयोग चालू असताना शास्त्रज्ञच उलट्या करून आडवे झाले आणि हे गडी पत्ते खेळत बसले! शरीर तेच, कान तेच. गावात जो दोष ठरतो तो बोटीवर गुण ठरतो.

मुलींचं काय, हा प्रश्न आमच्या विहिरीवर कुणी विचारलाच नाही. चुलतभावाला आबा भेटले. त्याच्याच शाळेतल्या मुलींपैकी कुणाला पोहता येत असेल असं मला वाटत नाही. त्यांच्यासाठी बाईमाणसांची वेगळी वेळ आणि खुणा जाणणारी शिक्षिका, दोन्ही लागेल. ते आपल्या हातात नाही.

आपल्या हातात आहे तो दिवा. ज्या तलावावर आपल्या इंटर-कॉलेज स्पर्धा होतात तिथे शिट्टीबरोबर चमकेल असा दिवा बसवायचा, एक सुरुवातीच्या ठोकळ्यांपाशी आणि एक जीवरक्षकाच्या खुर्चीवर. ५५५ टायमर, रिले, बारा व्होल्टचे एल.ई.डी. आणि पाणी शिरणार नाही असा डबा. आपण दरवर्षी काळ्या रेघेवरून चालणारे रोबोट करतो आणि व्हायवा झाला की कपाटात टाकतो, त्यापेक्षा याचा खर्च कमी येईल. एच.ओ.डी. सरांना मी सर्किट दाखवलं आहे. सर म्हणाले, भर उन्हात दिवा दिसेल का ते आधी तपास.

तपासायला चुलतभावालाच बोलावलं आहे. व्हिडिओ कॉलवर सगळं समजावून सांगितलं, सर्किटही दाखवलं. त्यानं ते नीट बघितलंसुद्धा नाही. दोन खुणा करून एवढंच विचारलं, पाणी गार आहे का?