कृमी परका, कुंडी कुणाची?

माथेरानच्या लाल वाटेवर पावसात वीतभर लांब, पाठीवर गडद रेघा आणि टिकावाच्या पात्यासारखं पसरट डोकं असलेला कृमी दिसला की मोबाइल बाहेर निघतात. खालचा मजकूर ठरलेला : परदेशी आहे, विषारी आहे, गांडुळं संपवतो, दिसेल तिथे ठेचा.

यातलं अर्धं खरं आहे, पंचाईत तीच. बिपॅलियम केवेन्स हा परदेशी चपटकृमी गांडुळांवरच जगतो. तोंड डोक्याला नाही, पोटाखाली मधोमध. त्यातून घसा बाहेर काढून गांडुळावर पाचकरस सोडतो आणि पातळ झालेलं मांस शोषून घेतो. पफर माशातलं टेट्रोडोटॉक्सिन याच्यातही सापडलं आहे. पण तो माणसाच्या अंगावर येत नाही. हात लागलाच तर साबणाने धुवावा. 2022 साली घोणस अळीने शेतकऱ्यांची झोप उडवली होती, तेव्हाही अळीपेक्षा अफवाच जास्त डसली.

आणि ठेचणार म्हणजे काय करणार? याचे तुकडे केले तर तुकड्यातून नवा उभा राहतो. शिवाय हातोडीच्या डोक्याचे चपटकृमी आपल्या देशातले मूळचेही आहेत; फोटोवरून जात ठरत नाही. जंगलातला दिसेल तो मारणं म्हणजे घरच्यालाच चोर ठरवणं.

‘परदेशी’ या शब्दाचीही गंमत आहे. गांडूळखताच्या बेडमध्ये आपण सोडतो ती आयसेनिया फेटिडा युरोपातली, यूड्रिलस युजेनी आफ्रिकेतली. त्यांना गाव कुणी विचारत नाही.

मग सगळं आलबेल? तसंही नाही. न्यूझीलंडचा चपटकृमी 1963 मध्ये बेलफास्टला आढळला आणि तिथल्या जमिनीतली गांडुळं त्याने खरोखर घटवली. असे कृमी परक्या मुलखात पोचतात कसे, हा प्रश्न महत्त्वाचा. केवेन्स हे नावच उत्तर देतं : मूळ आग्नेय आशियातला हा प्राणी 1878 मध्ये वर्णिला गेला तो लंडनच्या क्यू उद्यानातल्या काचघरातून. तिथे तो रोपांच्या मातीतून पोचला.

माथेरान 2003 पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे. मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. हातगाडीवरून वर जाणारी कुंडी थांबत नाही. खाली नेरळ-कर्जतच्या फार्महाऊसना तर आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणांहून ट्रकने रोपं येतात, मातीसकट. कृमी मारायला जंगलात मिठाची पुडी घेऊन फिरण्यापेक्षा नवं रोप चार दिवस वेगळं ठेवावं आणि कुंडी उचलून तळ बघावा. दिवसा कृमी तिथेच ओलाव्याला चिकटून असतो. सापडला तर मीठ तिथे टाका.