डोळ्याला हमाली लावू नका

नाटकाचे फोटो काढताना माझा उजवा डोळा व्ह्यूफाइंडरला लागलेला असतो आणि तो एका जागी कधीच थांबत नाही. नायिकेच्या चेहऱ्यावरून तो चौकटीच्या डाव्या कडेला जातो, कारण विंगेत उभ्या माणसाची चप्पल आत येते आहे का, ते पाहायचं असतं. तिथून वर, स्पॉटची कड कपाळ कापते आहे का ते बघायला. मग परत चेहऱ्यावर. हे सगळं एका वाक्याच्या आत होतं आणि तेवढ्या वेळात फोकस चेहऱ्यावरून हलून चालत नाही. तीस वर्षं मी हेच करतो आहे. मुख्य गोष्ट हाताने धरून ठेवायची आणि डोळा मोकळा सोडायचा, यापलीकडे मला या धंद्याचं मर्म सांगता येणार नाही.

काही महिन्यांपूर्वी एका ओळखीच्या माणसाने नजरेवर फोकस चालणारा कॅमेरा तीन दिवस वापरायला दिला. तुम्ही जिथे बघाल तिथे फोकस. कॅमेऱ्याने माझं सगळं ऐकलं आणि अडचण तीच झाली. बटण अर्धं दाबलं त्या क्षणी नजर विंगेवर असली, तर फोकस विंगेवर. पहिल्या अंकात असं पाचसहा वेळा झालं. दुसऱ्या अंकात होईनासं झालं, आणि मी खूश झालो. घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले तेव्हा कारण कळलं. चेहरे धारदार होते आणि चार चौकटींत विंगेतली चप्पल होती. मी कडेला बघणंच बंद केलं होतं. यंत्र मला शिकलं नव्हतं, दोन तासांत मीच यंत्राला शिकलो होतो. तीस वर्षांत कमावलेली सवय एका संध्याकाळी गेली आणि ती गेल्याचं मला कळलंही नाही, याचा मला अजून राग आहे.

आजच्या मिररलेस कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर म्हणजे नखाएवढा पडदा आणि त्याच्यापुढे भिंग. डोक्यावर चढवायचे हेडसेट हीच गोष्ट दोनदा करतात. टपाल तिकिटाएवढे दोन पडदे आणि ते भिंगातून इतके मोठे केलेले, की समोर भिंतभर चित्र उभं राहतं. ॲपल व्हिजन प्रोच्या दोन पडद्यांवर मिळून 2 कोटी 30 लाख पिक्सेल आहेत. डोळा भिंगाला टेकला की हाताने त्या पडद्याला शिवणं अशक्य. म्हणून कंपन्या डोळ्याकडे वळल्या. भिंगाभोवती अवरक्त प्रकाशाचे बारीक दिवे लावायचे, बुबुळावर पडलेली त्यांची चमक आणि बाहुलीचा मध्य यांच्यातलं अंतर कॅमेऱ्याने मोजायचं आणि त्यावरून नजर कुठे आहे ते ठरवायचं. आधी प्रत्येकाच्या डोळ्यासाठी जुळवणी करून घ्यावी लागते. नंतर हेडसेट दोनतीन मिलिमीटर घसरला, पापणी खाली आली, काजळाची कड बाहुलीइतकी काळी दिसली, चष्म्याच्या काचेवर दुसरी चमक पडली, की अंदाज ढळायला लागतो. नीट चाललं तरी अर्ध्या ते एक अंशाची चूक गृहीत धरतात. हात लांब करून अंगठ्याशेजारचं बोट बघा. त्या बोटाची रुंदी दीड-दोन अंश भरते. एवढ्या जाड टोकाची लेखणी तुमच्या हाती दिली आहे.

पण चूक कमी करता येईल. उद्या ती शून्यावर आली तरी माझी तक्रार तशीच राहील. डोळा सेकंदाला तीनचार उड्या मारतो. त्यातल्या बहुतेक आपण ठरवून मारत नाही. दार वाजलं, रंग हलला, कोणी हसलं, की नजर गेली. बघणं म्हणजे अजून काही ठरलेलं नसणं. हाताने बटण दाबणं म्हणजे ठरवून झालेलं असणं. या दोन कामांना एकाच अवयवाला जुंपलं, की पहिलं मरतं. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत रॉबर्ट जेकब यांनी 1990 मध्येच हे मांडलं. जिथे नजर जाईल तिथे आज्ञा सुटणार असेल, तर माणसाला नजर टाकायलाच जागा उरत नाही. मिडास राजाने शिवलं की सगळं सोनं होई, अन्नसुद्धा, म्हणून या दोषाला त्याचंच नाव पडलं. याला तीन दशकं उलटून गेली. आजही ‘सर्वांत नैसर्गिक’ म्हणून हीच वस्तू विकायला काढणाऱ्यांना हे माहीत नाही, असं मी मानत नाही.

त्यांना माहीत आहे, याचा पुरावा त्यांच्याच यंत्रात आहे. कॅननने 1992 मध्ये ईओएस 5 या फिल्म कॅमेऱ्यात नजरेने फोकसचा बिंदू निवडायची सोय दिली. बिंदू पाच, आणि कॅमेरा उभा धरला की सोय बंद. 1998 च्या ईओएस 3 मध्ये बिंदू 45 झाले. डिजिटल काळात कंपनीने ती सोय सोडून दिली आणि 2021 मध्ये आर 3 मध्ये परत आणली. या सगळ्या कॅमेऱ्यांत निवड डोळ्याची असली, तरी हुकूम शटरवरच्या बोटाचा आहे. व्हिजन प्रोमध्येही तसंच. नजरेने खूण करायची आणि अंगठा तर्जनीला चिमटीत टेकवायचा. चिमूट आज्ञा देते, डोळा फक्त बोटाच्या पुढे चालणारा वाटाड्या आहे.  

मग डोळ्यावर एवढे कॅमेरे का? एक कारण प्रामाणिक आहे. नजरेच्या मध्यभागी जेमतेम दोन अंशांत आपल्याला धारदार दिसतं, बाकी सगळं धूसर. यंत्राला ती जागा कळली, की तेवढंच बारकाईने रंगवायचं आणि उरलेलं ढोबळ. प्रोसेसरचा ताण वाचतो. प्लेस्टेशन व्हीआर 2 हा हेडसेट हेच करतो. यात डोळ्याला काही करावं लागत नाही, त्याने आपलं बघत राहावं. याला माझा विरोध नाही.

दुसऱ्या कारणाला आहे, ते म्हणजे नजरेतून मिळणारी माहिती. मॉस्कोत आल्फ्रेड यार्बुस नावाचे शास्त्रज्ञ लोकांच्या डोळ्यावर छोटी टोपी चिकटवून त्यांच्या नजरेचा माग काढत. त्यांनी चित्रकार रेपिनचं एकच चित्र दाखवून वेगवेगळे प्रश्न विचारले. या माणसांची वयं काय असतील? हे घर श्रीमंत आहे का? दर प्रश्नाला त्याच चित्रावर नजरेची वाट वेगळी पडली. त्यांचं पुस्तक 1967 मध्ये इंग्रजीत आलं. म्हणजे माझी नजर कुठे गेली हे ज्याला मिळालं, त्याला मी मनात काय विचारत होतो याचा माग मिळाला. मी कुठलं बटण दाबलं, याला मी जबाबदार आहे. मी दुकानात कुठल्या बाईकडे, कुठल्या किमतीकडे, कुठल्या औषधाच्या नावाकडे क्षणभर बघितलं आणि नजर काढून घेतली, याचा हिशेब मी कुणालाही देणं लागत नाही.

ॲपल नजरेचा तपशील इतर ॲप्सना देत नाही. हे बरोबर आहे आणि मी ते मान्य करतो. तरीही 2024 मध्ये संशोधकांनी दाखवलं, की व्हिजन प्रो घातलेल्या माणसाच्या, व्हिडिओ कॉलवर दिसणाऱ्या आभासी चेहऱ्याचे नुसते डोळे बघून तो काय टाइप करतो आहे, हे बरंचसं ओळखता येतं. डोळ्यानेच टाइप करायला लावलं होतं, म्हणून ते डोळ्यांतून गळलं. कंपनीने ते भोक बुजवलं, कीबोर्ड उघडा असताना तो चेहरा थांबवला. पुढचं भोक कोण शोधणार? आणि आपल्याकडे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच ठेवलेला नाही. माझी नजर आणि माझा पिनकोड कायद्याला एकाच मापाचे.

आता ज्यासाठी मी खरं म्हणजे लिहायला बसलो, ते.

माझ्या काकांना मोटर न्यूरॉनचा आजार झाला. आधी हात गेले, मग बोलणं. शेवटच्या वर्षात डोळे तेवढे त्यांच्या हुकमात होते. ज्याच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही, त्याच्यासाठी नजरेने चालणारा पडदा म्हणजे जीभ. बघणं आणि सांगणं एकाच डोळ्याने करायचा त्रास हा माणूस आनंदाने सोसतो, कारण त्याला पर्याय नाही. डोळ्याची हमाली इथे आणि इथेच न्याय्य आहे. आणि ही विद्या अशा लोकांच्याच अंगावर घासून तयार झाली. किती वेळ टक लावल्यावर ‘दाबलं’ समजायचं, चौकोन किती मोठे हवेत, डोळा थकला की काय करायचं, हे सगळं खाटेवरच्या माणसांनी शिकवलं.

आणि बाजाराने त्यांचं काय केलं? डेन्मार्कच्या दि आय ट्राइब या छोट्या कंपनीने 99 डॉलरला नजर टिपणारी पट्टी काढली होती. विकसकांसाठीच होती, पण भाव 99 डॉलर. 2016 च्या डिसेंबरात फेसबुकने ती कंपनी घेतली आणि पट्टी बंद झाली. त्याच वर्षी गूगलने याच धंद्यातली आयफ्लुएन्स घेतली. 2017 मध्ये ॲपलने जर्मनीतली एसएमआय घेतली, तिचीही उपकरणं बाजारातून गेली. 2024 मध्ये व्हिजन प्रो आला 3,499 डॉलरला. एका हेडसेटच्या पैशात त्या डॅनिश पट्ट्या पस्तीस आल्या असत्या. व्हिजन प्रोमध्ये टक लावून निवडायची सोय आहे, आयफोनमध्येही 2024 पासून नजरेने चालवायची सोय आली आहे. चांगलं झालं. पण उताणं झोपलेल्या, नळी लावलेल्या माणसाच्या डोक्यावर सहाशे ग्रॅमचं ओझं बांधता येत नाही, आणि खास रुग्णांसाठी बनवलेल्या यंत्रांची आम्ही चौकशी केली तेव्हा आकडा लाखांत होता.

पैसे जमवले असते तरी भाषेचं काय? काकांना दिवसातून सगळ्यांत जास्त वेळा सांगावं लागे ते ‘दुसऱ्या कुशीवर’. मोजा. द, उकार, स, ऱ, हलन्त, य, काना. मग मोकळी जागा. क, उकार, श, दीर्घ ईकार, व, र. चौदा वेळा टक लावायची. एकेका टकेला एक सेकंद धरला आणि मधे अक्षर शोधायला एक, तर अर्धा मिनिट, तेही एकदाही न चुकता. इंग्रजीला सव्वीस चौकोनांत भागतं. आपल्याला स्वर, व्यंजनं, काने-मात्रे मिळून साठाच्या वर लागतात, आणि नजरेसाठी चौकोन मोठे करावे लागतात, म्हणून ते पानापानांत वाटावे लागतात. पान बदलायलाही टक. मराठीत कुठल्या अक्षरानंतर काय येण्याची शक्यता आहे ते ओळखून चार चौकोन पुढे आणणारा, ‘ऱ्या’ एका टकेत देणारा, जुन्या लॅपटॉपवर चालणारा फळा बनवायला चंद्रावर जावं लागत नाही. लाखो पिक्सेलचं भांडण सोडून सहा महिने कोणी तरी भाषा जाणणाऱ्या माणसाबरोबर बसावं लागतं. विद्यापीठं आहेत, अभियांत्रिकीच्या कॉलेजांत दर वर्षी नजरेने माउस हलवण्याचे प्रोजेक्ट होतात, गुण मिळाले की ते कपाटात जातात. त्यातला एकही खाटेपर्यंत का पोचत नाही, याचं उत्तर त्या मुलांकडून नको, त्यांच्या मार्गदर्शकांकडून हवं आहे.

आम्ही शेवटी पारदर्शक प्लॅस्टिकचा ताव आणला. त्याच्या कडेने आठ जागी मार्करने अक्षरांचे गट लिहिले. काकू एका बाजूला ताव धरून उभी राहायची, काका पलीकडून अक्षराकडे बघायचे, आणि ती तावातून त्यांच्या डोळ्यांत बघून गट ओळखायची, मग अक्षर. महिन्याभरात तिला पहिल्या ‘दु’वर कळायला लागलं. काका नुसतेच बघत आहेत की काही सांगत आहेत, हे तिला कसं समजायचं, ते मी अनेकदा विचारलं. तिला सांगता आलं नाही.

काका जाऊन दोन वर्षं झाली. ताव माळ्यावर होता. गेल्या आठवड्यात सांगलीहून एक मुलगा आला, त्याच्या आईला तोच आजार आहे. त्याला तो काढून दिला. अक्षरं बरीचशी शाबूत होती, फक्त ‘ऱ’ पुसट झाला होता. तो काकूने नव्याने गिरवून दिला.