पहिली नोकरी आणि दुकानाची वही

आपल्या घरांतील अनेक मुले-मुली आता गादीवर न बसता संगणकशास्त्र वा संख्याशास्त्र शिकून डेटा विश्लेषणाची नोकरी शोधीत आहेत. जाहिरात मात्र नवख्याकडेही अनुभव मागते. या पेचातून अनुभवाचे खोटे दाखले विकले जातात आणि ‘सगळेच घेतात’ म्हणून पालकही पैसे मोजतात.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे ५ अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, हा एक आहे. व्यवहारातही हा सौदा तोट्याचाच. पुष्कळ कंपन्या पडताळणीत भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी पाहतात. दाखल्यावरील २ वर्षे तेथे दिसली नाहीत, तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते.

सांगण्याजोगे खरे काम घरातच आहे. दुकानाची ३ वर्षांची विक्री, साठा व उधारी टॅलीतून एक्सेलमध्ये काढावी. एकाच मालाची निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिलेली नावे एकसारखी करावीत. ग्राहकांची नावे व फोन क्रमांक वगळावेत. ती त्यांनी विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. मग एसक्यूएलच्या साहाय्याने एखादा प्रश्न सोडवावा: कोणता माल ६ महिने पडून आहे? कोणत्या महिन्यांत उधारी थकते? उत्तर एका पानावर मांडावे. त्यावरून वडिलांनी पुढची खरेदी बदलली असल्यास तेही लिहावे.

मुलाखतीत अशा कामावर कितीही उलटसुलट विचारले, तरी मूल अडखळत नाही. पालकांनी दाखल्यासाठी तिजोरी उघडण्यापेक्षा मुलांपुढे वही उघडावी.