पेन्शन विकली, मग पोटगीचं काय?

आमच्या बीडकडे 'पेन्शन विकली' असं सर्रास म्हणतात. सरकारी कागदावर त्याला 'अंशराशीकरण' म्हणतात, पण तो शब्द फॉर्म भरून झाला की कुणाच्या लक्षात राहत नाही. अर्थ सोपा आहे. दरमहा मिळणाऱ्या पेन्शनचा काही भाग सोडून द्यायचा आणि त्याच्या बदल्यात एकदम मोठी रक्कम घ्यायची. कोणी त्यातून घर बांधतं, कोणी बोअर घेतं, कोणी पोरीचं लग्न उरकतं. यात गैर काहीच नाही, हक्काचा पैसा आहे.

घोळ कुठे होतो? त्या माणसाचं मूल त्याच्याजवळ राहत नसतं, आईजवळ राहतं, आणि कोर्टाने दरमहा पोटगी बांधून दिलेली असते तेव्हा. पैसा एकरकमी आला आणि गेला. मुलाचं पोट मात्र महिन्याच्या हिशोबानेच चालतं.

बीडवाल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून आधी उचल घेतात आणि मग पाच-सहा महिने कोयता चालवून ती फेडतात. उचल हातात पडते तेव्हा डोंगराएवढी वाटते. दिवाळी होते, जुनं देणं फिटतं, आणि फडावर पोचेपर्यंत हात रिकामे. एकरकमी पैसा किती लवकर आटतो, हे आमच्या जिल्ह्याने पिढ्यान् पिढ्या बघितलंय. पेन्शन विकणं म्हणजे उलटी उचल. कष्ट आधी झालेत, पैसा नंतर येतो. पण आटतो तेवढ्याच वेगाने.

आता एक काल्पनिक हिशोब मांडू. फौजी घ्या, कारण शिपाई-हवालदार मंडळी अगदी तरुण वयात रिटायर होतात आणि तेव्हा त्यांची मुलं शाळेत असतात. समजा वय ३९, मूळ पेन्शन २०,००० रुपये, मुलगा दहा वर्षांचा. लष्करात निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते. तर १०,००० विकले. या वयाला गुणक साधारण ९.०९ आहे, म्हणजे हातात आले जवळपास ११ लाख. विकलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो. तेव्हा तो मुलगा पंचविशीत असेल. थोडक्यात, मुलाला पैसा लागतो नेमक्या त्याच वर्षांत बापाची पेन्शन कागदावर अर्धी दिसणार.

हा 'कागदावर' शब्द महत्त्वाचा. बाप कोर्टात पेन्शनची स्लिप दाखवतो आणि म्हणतो, साहेब, उत्पन्न निम्मं झालं, पोटगी कमी करा. स्लिप खोटी नसते, पण अर्धवट असते. ११ लाख त्या स्लिपवर कुठेच दिसत नाहीत. शिवाय महागाई भत्ता मूळ पूर्ण पेन्शनवरच मिळत राहतो, त्यामुळे महिन्याची खरी घट निम्म्यापेक्षा कमी असते, हेही कुणी सांगत नाही.

नोकरीत असताना चित्र वेगळं असतं बरं का. १९५० च्या लष्करी कायद्यात बायको-मुलांच्या पोटगीसाठी थेट पगारातून कपात करण्याची सोय आहे. रिटायर झालं की ती वाट बंद, आणि नेमका त्याच वेळी मोठा पैसा हातात येतो.

कायदा काय म्हणतो? पोटगीचं जुनं १२५ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं. यातला महत्त्वाचा निकाल २०२० चा, 'रजनेश विरुद्ध नेहा'. हे प्रकरण आपल्याच नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने सांगितलं की दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यायचं, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. निकाल उत्तमच आहे. पण परिस्थिती बदलली तर सुधारित शपथपत्र देता 'येईल' असं त्यात म्हटलंय, आणि तेही केस चालू असेपर्यंत. आदेश झाल्यावर तीन वर्षांनी बापाने पेन्शन विकली तर ते आपणहून कळवायचं बंधन कुठे आहे? नाही. रक्कम वाढवून हवी असेल तर आईने १४६ कलमाखाली नवा अर्ज करायचा. पण बापाला पैसे मिळाले हेच तिला माहीत नसेल तर ती अर्ज कशाच्या जोरावर करणार? आष्टी-पाटोद्याकडची बाई एका तारखेसाठी रोजगार बुडवून येते. तिने आधी गुप्तहेर व्हायचं आणि मग फिर्यादी!

पेन्शनला हात लावता येत नाही, असा एक समज आहे. १८७१ च्या पेन्शन कायद्यात तशी तरतूद खरंच आहे, ११ वं कलम. पण २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केलं की पोटगीच्या वसुलीसाठी पेन्शन जप्त करता येते. माझ्या मते यातलं तत्त्व साधं आहे: ते कलम सावकारापासून वाचवण्यासाठी होतं, आणि स्वतःचं लेकरू सावकार नसतं. पण जप्ती दरमहा येणाऱ्या पेन्शनवर. विकून टाकलेली पेन्शन जप्त कशी करणार?

'आम्ही आयटीवाले, आम्हाला कुठली पेन्शन' असं म्हणून पुढे जाऊ नका. आपला पीएफ आहेच, आणि १९९५ च्या योजनेत आपल्या नावावर पेन्शनचा हिस्साही जमतो. दहा वर्षांच्या आत नोकरी सोडली की १०-सी फॉर्म भरून तो काढणारे मित्र प्रत्येकाला माहीत असतील. १३ ऑक्टोबर २०२५ ला ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने नोकरी गेल्यावर पेन्शनचा हिस्सा काढण्याची मुदत दोन महिन्यांवरून ३६ महिन्यांवर नेण्याचं ठरवलं, तेव्हा सगळे 'आमचा पैसा, आमची मर्जी' म्हणून ओरडले. ओरडणं मला पटतं. पण या योजनेत सभासद नोकरीत असताना वारला तर दोन मुलांना २५ वर्षांपर्यंत पेन्शन मिळते. म्हणजे तो पैसा पहिल्या दिवसापासून एकट्या आपला कधी नव्हताच.

ऑनसाइट गेलेल्यांनी ब्रिटनची पद्धत ऐकली असेल. तिथली सरकारी यंत्रणा मुलाची पोटगी आयकर खात्याकडच्या आकड्यावरून काढते. नेहमीच्या उत्पन्नगटात एका मुलाला १२ टक्के. पेन्शन फंडातून करपात्र रक्कम काढली की ती उत्पन्नात धरली जाते. करमुक्त २५ टक्के मात्र निसटतात, म्हणजे भोक तिकडेही आहे. पण निदान आईला पुरावे गोळा करत हिंडावं लागत नाही. एक खातं दुसऱ्या खात्याला सांगतं.

इथे बापाची बाजूही बघायला हवी. त्याची म्हातारी आई असते, दुसरा संसार असतो, डोक्यावर कर्ज असतं. सगळी रक्कम मुलाला द्या असं कुणीच म्हणत नाहीये. आणि सगळेच बाप काही पैसा लपवायला पेन्शन विकत नाहीत. माझं म्हणणं एवढंच की भविष्यातलं उत्पन्न आज उचललं, तर त्या उत्पन्नातला मुलाचा वाटाही आजच बाजूला निघायला हवा. वरच्या उदाहरणात पोटगी ४,००० असेल, तर १८ वर्षांपर्यंतच्या आठ वर्षांची होते ३,८४,०००. अकरा लाखांतून एवढे मुलाच्या नावे कोर्टामार्फत बँकेत ठेवले आणि महिन्याला सुटत राहिले, तर बापाकडे सात लाख उरतात. शिवाय पोटगीची कटकट कायमची संपते.

इंजिनिअर म्हणून बघितलं तर हा दोन सिस्टिम एकमेकांशी न बोलण्याचा प्रॉब्लेम आहे. पेन्शन विक्रीच्या, पीएफच्या आणि एनपीएसच्या फॉर्मवर एक रकाना हवा: 'तुमच्याविरुद्ध पोटगीचा आदेश आहे का?' पोटगीच्या आदेशात बापाचा यूएएन किंवा पीपीओ नंबर लिहिलेला हवा. आणि रक्कम सुटण्याआधी कोर्टाला एक सूचना जायला हवी. आधार, पॅन आणि बँक खातं जोडायला आपण किती उत्साह दाखवला, आठवतंय ना? मग हे अवघड का वाटावं?

हे होईल तेव्हा होईल. तोवर पोटगीचा अर्ज लिहिणाऱ्या प्रत्येक आईने वकिलाला दोन ओळी जास्त टाकायला सांगाव्यात: पीएफ आणि पेन्शनचे तपशील जाहीर करावेत, आणि एकरकमी पैसा काढण्याआधी कोर्टाला कळवावं असा आदेश व्हावा. मागितलेलं सगळं मिळतंच असं नाही. पण हे आधीच मागून ठेवलं नाही, तर पैसा उडून गेल्यावर मागायला काही उरत नाही.