जुनी मोटार आणि तिचे साल

जुन्या मोटारींचे वेड हे केवळ धनिकांचे वेड आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती पूर्णपणे खरी नाही. ज्या घरी कधी काळी एखादी मोटार दारात उभी राहिली, अथवा जी मोटार शेजाऱ्याच्या दारात उभी असलेली बालपणी डोळे भरून पाहिली, तिची ओढ साध्यासुध्या गृहस्थासही उतारवयात लागते. ओढ लागली म्हणजे शोध सुरू होतो आणि शोध सुरू झाला म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो सालाचा. एकाच जातीच्या दोन मोटारी विक्रीस आहेत. एक चार वर्षे आधीची, दुसरी चार वर्षे नंतरची. कोणती घ्यावी? या प्रश्नाचा विचार विद्यार्थिमित्रांनीही करावा, असे आम्हांस वाटते. कारण त्यात मोटारीपेक्षा विवेकाचा भाग अधिक आहे.

हा प्रश्न आमच्या मनात आला तो पांढुर्ण्याच्या एका बागायतदार कुटुंबामुळे. गेल्या हिवाळ्यात, आंबिया बहाराची संत्री बाजारात गेल्यानंतर, त्या घरच्या आजोबांनी एक जुनी फियाट घेण्याचा मनोदय बोलून दाखविला. नागपुरास दोन गाड्या पाहण्यात आल्या. एक होती १९७० सालची 'फियाट ११०० डिलाइट' आणि दुसरी होती १९७४ सालची 'प्रीमियर पद्मिनी'. पहिलीचा रंग नव्यासारखा झळकत होता आणि तिची किंमत दुसरीच्या दीडपट सांगण्यात आली होती. दुसरीचा रंग उडालेला, आसने फाटलेली. आजोबांचे मन पहिलीवर जडले होते आणि त्यास कारणही तसेच होते. ते दहा वर्षांचे असताना त्यांच्या आजारी आईस नागपूरच्या इस्पितळात नेण्यासाठी गावातील एका व्यापाऱ्याने अशीच 'फियाट' रात्रीच्या वेळी काढून दिली होती. आई बरी होऊन परत आली. त्या गाडीच्या तोंडावरील अक्षरे आजोबा विसरले नव्हते.

आता सालाचा विचार करू. साला-सालांतील फरक सर्वत्र सारखा नसतो. कधी तो यंत्रातला असतो, कधी आकारातला, तर कधी केवळ नावातला. हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले तर निम्मा प्रश्न सुटला म्हणून समजावे.

यंत्रातील फरकाचे उत्तम उदाहरण विलायतेतील आहे. जॅग्वार कंपनीची 'ई टाइप' ही वेगवान मोटार मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. तिचे इंजिन ३.८ लिटरचे होते. १९६४ च्या अखेरीस तिला ४.२ लिटरचे इंजिन मिळाले. कंपनीने सांगितलेली अश्वशक्ती दोन्ही वेळी २६५ च होती. परंतु पहिल्या गाडीचा पहिला गिअर चालत्या गाडीत सहजासहजी पडत नसे, तो नव्या गिअरबॉक्सने सुकर झाला. ब्रेक सुधारले, आसनेही सुधारली. तरीदेखील हौशी लोकांचे दोन पक्ष आहेतच. एक म्हणतो, मूळ कल्पना जिच्यात शुद्ध रूपात आहे तीच खरी. दुसरा म्हणतो, जिच्यातील चुका करणाऱ्यानेच दुरुस्त केल्या तीच खरी. हा वाद समजण्याजोगा आहे, कारण येथे सालाबरोबर गाडीचा स्वभावच बदलला आहे.

आपल्या सामान्य घरांत अशा शर्यतीच्या मोटारी कधी आल्या नाहीत. आपल्याकडील हौशी माणसाचे प्रेम बसले ते फियाटवर. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५४ च्या सुमारास आलेल्या ११०० गाडीचे तोंड पुढे आलेले असल्यामुळे मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' हे नाव ठेवले. तिचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूस बिजागरी असलेले, म्हणजे उलटे उघडणारे होते. १९६४ पासून 'डिलाइट' आली. तिचा आकार चौकोनी झाला आणि पुढचे दरवाजे आजच्यासारखे उघडू लागले. डुक्कर फियाट घ्यावी की डिलाइट, हा प्रश्न म्हणूनच आकाराचा आहे. उलट्या दाराची गाडी चालताना दार निसटले तर वारा ते सताड उघडतो, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवले पाहिजे.

परंतु १९७० आणि १९७४ यांत काय फरक आहे? फियाटशी असलेला परवान्याचा करार संपला तेव्हा गाडीवरील 'फियाट' हे नाव गेले. मध्यंतरी ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' म्हणून ओळखली गेली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली. हे नाव चितोडच्या राणी पद्मिनीवरून घेतलेले. बाकी १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन तेच, सुकाणूच्या दांड्याला जोडलेला गिअर तोच, कारखाना कुर्ल्याचा तोच. शोभेच्या जाळीत आणि पट्ट्यांत थोडा बदल झाला असेल. गाडीची मूळ घडण बदलली नाही. पुढे हीच पद्मिनी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घरोघरी ठाऊक झाली. तेथील शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदविली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून निवृत्त झाली.

म्हणजे दीडपट किंमत जी मागितली जात होती, ती लोखंडाची नव्हती, ती अक्षरांची होती. येथे आम्हांस आमच्या गावाची आठवण होते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमच्या प्रांताची राजधानी नागपूर होती, नंतर ती भोपाळ झाली. २०२३ पर्यंत आमचा जिल्हा छिंदवाडा होता, नंतर पांढुर्णा झाला. प्रांताची राजधानी बदलली, जिल्ह्याचे नाव बदलले. जाम नदी होती तेथूनच वाहते आहे, संत्र्यांची माती तीच आहे आणि घरात बोलली जाणारी मराठीही तीच आहे. पाटीवरील नावावरून मातीचा कस ठरविणारा शेतकरी आमच्याकडे मूर्ख ठरेल. मग गाडीच्याच बाबतीत आपण तसे का करावे?

कोणी म्हणेल, कायद्याच्या दृष्टीने तरी सालास महत्त्व आहे. ते खरे आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत दहा वर्षांची. मात्र अशी गाडी रोजच्या वापरास नेता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. ज्यास गाडी चालवावयाची आहे त्याने साधी नोंदणी ठेवून, तपासणी करून, दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे हेच बरे. शिवाय नागपूरची गाडी पांढुर्ण्यास आणावयाची म्हणजे राज्य बदलते, तेव्हा तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आधी हाती पाहिजे. परंतु या कायद्यापुढे आमच्या दोन्ही गाड्या सारख्याच होत्या. दोघींनीही पन्नाशी ओलांडली होती.

मग निवड कशावरून करावी? आमचे मत असे की, साल पाहण्यापूर्वी लोखंड पाहावे. या फियाटला ट्रकप्रमाणे खाली वेगळी चासी नसते. तिचा तळ, खांब आणि छत मिळूनच तिचा सांगाडा होतो. म्हणून दाराखालचा पत्रा गंजला तर केवळ शोभा जात नाही, गाडीची कंबरच दुबळी होते. असा गंज पुट्टी भरून आणि वर रंग मारून झाकता येतो. डोळ्यास तो दिसत नाही, पण लोहचुंबकास फसविता येत नाही. चुंबक लोखंडास चिकटतो, पुट्टीस चिकटत नाही, हा धडा आपण शाळेत शिकलेलाच असतो.

त्या कुटुंबातील नववीत शिकणाऱ्या नातवाने नेमके हेच केले. रंगास ओरखडा पडू नये म्हणून त्याने चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून नेला आणि दोन्ही गाड्यांच्या दाराखाली, चाकांच्या कमानींवर, दिव्यांभोवती लावून पाहिला. झळकणाऱ्या १९७० च्या गाडीवर दाराखाली तो दोन्ही बाजूंस घसरून खाली पडला. "आबाजी, इथे पत्राच नाही," एवढेच तो म्हणाला. सौसरहून बरोबर आलेल्या वृद्ध मिस्त्रींनी खाली वाकून तळाची चटई उचलली, बोटाने दाबून पाहिले आणि मान हलविली. रंग उडालेल्या १९७४ च्या गाडीवर मात्र चुंबक जेथे लावला तेथे घट्ट बसला. कागदांवरील चासी क्रमांक व इंजिन क्रमांकही जुळले.

आजोबा बराच वेळ पहिल्या गाडीपुढील ती अक्षरे पाहत उभे होते, असे आम्हांस कळले. त्यांचे दुःख आम्ही हसण्यावारी नेत नाही. स्मृतीची किंमत बाजारात ठरत नाही, आणि दोन्ही गाड्यांचे लोखंड सारखेच खणखणीत असते तर 'आजोबा, मनास येईल ती घ्या' असेच आम्हीही म्हटले असते. परंतु ज्या गाडीत घरची माणसे बसावयाची, तिच्या तळाशी पत्रा असला पाहिजे. शिवाय त्या रात्री आईस नागपुरास पोचविले ते अक्षरांनी नव्हे. एका शेजाऱ्याच्या माणुसकीने आणि कुर्ल्याच्या कामगारांनी नीट जोडलेल्या यंत्राने. ती माणुसकी आठवावयास आणि ते यंत्र चालवावयास पद्मिनीत कोणतीही उणीव नाही.

आजोबांनी पद्मिनी घेतली. वाचलेल्या पैशांतून आसने शिवून झाली, ब्रेक नवे बसले आणि उरलेली रक्कम बागेतील ठिबकाच्या नळ्यांस लागली. दसऱ्यास त्या गाडीस झेंडूचा हार घालण्यात येणार आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस पुढील आयुष्यात मोटारीच नव्हे, तर पुस्तके, यंत्रे, शाळा आणि सोबतीदेखील निवडावे लागतील. प्रत्येक ठिकाणी एक झळकणारी पाटी पुढे येईल आणि तिची किंमत दीडपट सांगितली जाईल. आधी विचारावे, फरक यंत्रात आहे, आकारात आहे की केवळ नावात? मग खिशातील चुंबक काढून लावून पाहावा. आणि आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे मन एखाद्या अक्षरावर का जडले आहे, हेही त्यांच्याजवळ बसून आस्थेने विचारावे. त्या नातवाने दोन्ही गोष्टी केल्या, म्हणूनच त्याचे आम्हांस कौतुक वाटते.