काहिलीतलं रसायन
कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात उसाचा रस १०० अंशांच्या आसपास उकळू लागतो, पण तिथेच थांबत नाही. पाणी उडतं, साखर मागे राहते. त्या साखरेमुळे पाण्याची वाफ होण्याची ओढ घटते, म्हणून उकळायला तापमान आणखी चढावं लागतं. बराच वेळ ही चढण संथ असते. पाक दाट झाला की मात्र पारा झपाट्याने वर जातो. गूळ उतरवायचा ११८ अंशांच्या सुमारास. आधी उतरवला तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर करपतो. द्रावणांच्या याच वागण्याचे नियम फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ राऊल यांनी १८८०च्या दशकात मांडले. गुळव्या मात्र थर्मामीटरशिवाय, गार पाण्यात पाकाची गोळी वळून, गूळ उतरवायचा तोच बिंदू अचूक पकडतो.